मान ते घोटा

११ जानेवारी

चि. शिडीस,

अ. उ. आ., आणि वर एक धपाटा, कारण मापाचा कागद पुन्हा चुकीचा आलाय.

मान ते घोटा साडेबावन्न? अगं, तू चोपन्न इंचांची बाई. एकोणीस वर्षं तुझ्या वाढदिवसाला ड्रेस शिवतेय, तुझी लांबी मी झोपेतही सांगेन. दोन वर्षांपूर्वी साडेत्रेपन्न आलं, गेल्या वर्षी त्रेपन्न आणि आता हे. तुझ्या लेकीला सांग की टेप मानेच्या हाडावर घट्ट धरायची, मधे लोंबू द्यायची नाही आणि आईला भिंतीशी ताठ उभी करायची. म्हणे चष्म्याच्या काचा घासते ही मुलगी. त्या गिऱ्हाइकांची मला काळजीच वाटते. मी काही तिचं ऐकलं नाही, नेहमीसारखं चोपन्नावरच बेतलंय. कापड गर्द निळं आहे, आठवड्याभरात पाठवते.

दुकानात सगळं ठीक. मालकीणबाईंना आता माझ्यासारख्या वाफा यायला लागल्यात. बोलता बोलता लाल होतात आणि खिडकी उघडायला धावतात. मी मनातल्या मनात हसते, कारण पाळी गेल्यावर चार वर्षं मीही मशीन पंख्याखाली ओढून बसायचे. तुझं बरं, एक्केचाळिसाव्या वर्षीच सगळं आटोपलं. अकरा वर्षं सुखात आहेस.

पाठ दुखते म्हणालीस. ग्रंथालयातले गठ्ठे दुसऱ्या कुणाला उचलू दे. आणि एकटी आहेस म्हणून चहा-पावावर राहू नकोस. एवढं सांगून माझं उंटावरून शेळ्या हाकणं थांबवते.

माया आहेच, तिला माप नाही.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. धपाटा पोचला, ड्रेसही पोचला.

निळा रंग फार सुंदर. ग्रंथालयात सगळ्यांनी विचारलं आणि मी नेहमीसारखा तुझ्या नावाचा टेंभा मिरवला. थोडा लांब वाटला. जिन्यात एकदा पायात अडकला, म्हणून खालून जरा आत दुमडून घेतलाय. कापडच सैल पडलं असेल, नाहीतर तुझ्या कात्रीचं वय झालं असेल.

पाठीचं विशेष काही नाही. खांद्यांच्या मधोमध दुखतं, बसले की बरं वाटतं. आमच्याकडे हल्ली वरच्या फळीसाठी स्टूल आणलंय. इतकी वर्षं मला त्याची गरज पडली नव्हती, सगळे मलाच हाक मारायचे, की शिडी, ते वरचं जाड पुस्तक काढ. आता मीही स्टूल ओढते. बूट सपाट घेतलेत ना, त्याचा परिणाम असावा.

जेवणाचं म्हणशील तर लेक रविवारी येते तेव्हा दोघींपुरतं नीट करते. इतर दिवशी एकटीसाठी भांडी कोण घासणार? फिरायला जायचं रोज ठरवते आणि घरी आल्यावर आडवी होते. झोपेचंही तसंच. पहाटे घामाने जाग येते, अजूनही. अकरा वर्षांचं सुख तुला लांबून दिसतं.

मालकीणबाईंना हसू नकोस.

काळजी करू नकोस, पण करायची सोडूही नकोस.

तुझी,
शिडी


२१ फेब्रुवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. आईचं पत्र नसून माझं आहे हे बघून घाबरशील, म्हणून आधीच सांगते, की आई शुद्धीवर आहे, बोलते आहे आणि आता घरी आहे.

गेल्या सोमवारी तिने ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचा बांधीव गठ्ठा जमिनीवरून उचलला. फार जड नव्हता म्हणे. पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि ती तिथेच दोन कपाटांच्या मधे बसली. तिला उठता येईना. चार दिवस दवाखान्यात होती. पाठीच्या कण्याचे तीन मणके दबलेत. एक आत्ताचा आहे, दोन जुने. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जुने मणके दोन-तीन वर्षांत हळूहळू चेपले असणार, आणि बायका त्याला पाठदुखी समजून अंगावर काढतात. पाळी थांबली की हाडं झपाट्याने विरळ होतात. आईची फार लवकर थांबली, म्हणून तिची हाडं अकरा वर्षं विरळ होत गेली.

मग त्यांनी उंची विचारली. आईने जुनी सांगितली. भिंतीशी उभी केल्यावर ती पुरती दोन इंच कमी भरली. आई पट्टीवरचा आकडा बघतच राहिली. बाईंनी विचारलं, की घरात हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

मावशी, माझं माप बरोबर होतं. तीनही वर्षं. मी दिवसभर केसाएवढ्या फरकाची मापं घेते, माझ्याकडून दीड इंच कसा चुकेल? पण तू इतक्या खात्रीने लिहायचीस, की मलाच वाटायला लागलं की मी टेप ढिली धरत असेन. यंदा तर तुझी चिडचिड नको म्हणून मी साडेबावन्नच्या जागी त्रेपन्न लिहिणार होते. लिहिलं नाही, एवढंच.

तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. आईला रागावू मात्र नकोस, ती आधीच खूप गप्प झालीय.

तुझी,
भाची


२८ फेब्रुवारी

चि. शिडीस,

अ. उ. आ. धपाटा यावेळी मला बसलाय.

तुझ्या लेकीचं पत्र आल्यापासून मी तुझे सगळे कागद टेबलावर मांडून बसलेय. सोळा वर्षं चोपन्न, चोपन्न, चोपन्न. मग साडेत्रेपन्न, त्रेपन्न, साडेबावन्न. गिऱ्हाइकाची कंबर अर्धा इंच वाढली तर मी विचारते, की बाई, तब्येत बरी आहे ना? सख्ख्या बहिणीची पाठ खचत होती आणि मी पोरीच्या हाताला नावं ठेवत होते. तू पाठवलेलं खरं माप खोडून मी माझं लिहिलं, आणि त्याच हाताने कात्री चालवली. मी तिची माफी मागणारं पत्र वेगळं लिहिलंय.

दुसरंही आठवतंय. अकरा वर्षांपूर्वी तुला डॉक्टरांनी हाडांच्या तपासणीची चिठ्ठी दिली होती. तू मला विचारलंस आणि मी म्हटलं, की कशाला? कटकट गेली, देवाचे आभार मान. तू चिठ्ठी टाकून दिलीस. त्या वेळी माझी पाळी चालू होती आणि मला तुझा हेवा वाटायचा, हे आज पहिल्यांदा कबूल करतेय.

आणि आई. शेवटची सहा वर्षं ती जमिनीकडेच बघत चालली. आपण म्हणायचो कामाने वाकली. दारात कोण आलंय ते तिला चपलांवरून ओळखावं लागायचं. आपण दोघी ते बघून मोठ्या झालो आणि काही शिकलो नाही.

औषध सुरू झालं का, ते कळव. मी येऊ का, तेही कळव.

मला चैन नाही.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. येऊ नकोस. मला असं कुणी बघावंसं वाटत नाही.

पाठीला पट्टा बांधतात. अंघोळीलाही कुणीतरी लागतं. ग्रंथालयाने मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवायचं ठरवलंय, पुस्तकांवर शिक्के मारायला. कपाटांकडे जायचं नाही. वाईट वागले असं नाही, उलट सगळे फार हळू बोलतात, त्याचाच राग येतो.

औषध सुरू केलेलं नाही. सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, वर्षानुवर्षं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की चेपलेले मणके पुन्हा उभे राहणार नाहीत, फक्त पुढचे वाचतील. मग कशासाठी? जे गेलं ते गेलंच. लेक रोज येऊन भांडते. मी भिंतीकडे तोंड करून पडते.

तू स्वतःला बोल लावतेस, पण तुला सगळं माहीत नाही. ड्रेस तीनही वर्षं लांब होत होते. पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं. मी दरवर्षी दार लावून खालची शिलाई उसवायची आणि वर घ्यायची. तुला एकदाही लिहिलं नाही. यंदा लिहिलं तेही कापडावर ढकलून. कारण तुझ्या ड्रेसमध्ये मी अजून चोपन्न इंचांची होते, ताई. जगात एका ठिकाणी तरी होते. आईसारखं व्हायची मला इतकी भीती वाटते, की मी मोजणंच बंद केलं होतं.

आता माप पाठवणार नाही. पुढच्या वर्षीही नाही. ड्रेस शिवू नकोस.

रागावलीस तर रागाव.

शिडी


२ एप्रिल

चि. शिडीस,

अ. उ. आ. रागावलेय, म्हणून पार्सलही पाठवतेय.

तू माप पाठवलं नाहीस, तर मी दवाखान्याच्या भिंतीवरून काढलं. दोन इंच कमी, म्हणजे बावन्न. करड्या रंगाचा ड्रेस बावन्नावर बेतलाय. खाली दुमडपट्टी फक्त बोटभर आहे, उसवून खाली सोडायला काही ठेवलेलं नाही. पाठीला थोडा बाक दिलाय, पट्ट्यावरूनही बसेल. कापताना तीस वर्षांत पहिल्यांदा कापड बिघडेल असं वाटलं.

दुकानातल्या मुलीकडून मी माझंही माप घेतलं. अर्धा इंच गेलाय. मग हाडांची तपासणी केली. विरळ आहेत, अजून मोडलेली नाहीत. गोळी सुरू केलीय. सकाळी दुकानापर्यंत चालत जाते, उन्हातून, आणि वाटेत दमले की तुला शिव्या देते. दूध पिते, मला त्याचा किती तिटकारा आहे हे तुला ठाऊक आहे.

गेलेलं परत येणार नाही, ते खरं. मी तुला खोटी आशा लावायला बसलेले नाही, खोटी मापं लावून झाली तेवढी पुरे. पण बावन्न आहे गं अजून. बावन्न पुष्कळ आहे. दारात आलेल्या माणसाचं तोंड दिसतं तेवढ्यात. ते मला वाचवायचंय, आणि तुझ्याशिवाय मला ते वाचवता येत नाही.

इंजेक्शन घे. दर महिन्याला दोघींनी माप लिहून पाठवायचं. तुझं तुझ्या लेकीने घ्यायचं. ती लिहील ते मी मानेन.

वाट बघतेय, एवढंच लिहिते.

तुझी,
ताई


५ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. एप्रिल आणि मे महिन्यांचे कागद तुला मिळालेत. हा जूनचा, थोडा उशिरा, कारण लेकीला सुट्टी नव्हती.

तुला लिहिलं नव्हतं, की करडा ड्रेस मी जवळजवळ तीन महिने खोक्यातच ठेवला होता. काल ग्रंथालयात घालून गेले. जिना उतरताना पायात आला नाही. सुई घ्यावी लागली नाही. मी टेबलाशी बसले आणि खूप वेळ रडले. शिक्के मारणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही, ते एक बरं असतं.

वरच्या फळीवरची पुस्तकं आता नवी मुलगी काढते, स्टुलावर चढून. मला बघवत नाही, पण बघते. व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येते आणि भिंतीला पाठ लावून उभं करते. सगळी पाठ टेकत नाही. इंजेक्शनचा दंड दोन दिवस दुखला.

माप लेकीने घेतलं, दोनदा. टेप घट्ट होती, मी स्वतः बघितलं.

मान ते घोटा, बावन्न. तीन महिने झाले, तेवढंच आहे.

तुझं कळव, आणि खरं कळव.

तुझी,
बावन्न इंचांची शिडी