बापाकडचं कोणी आहे का?

सोमवार, ६ जानेवारी २०२५

उज्ज्वला गेली. माझ्या सख्ख्या भावाची बायको — आणि मला ते कळलं एका सरकारी बाईंकडून, दहा महिन्यांनी!

मधल्या सुट्टीत फोन आला. भाविनीबेन म्हणून कोणी, बालसंरक्षण ऑफिसमधून. "सुषमाबेन? निंबाभाईंची मुलगी हर्षदा — तुम्ही तिच्या फोई का?" मी हो म्हटलं, मीच तिची आत्या. मग त्या सांगत गेल्या आणि मी स्टाफरूमच्या बाहेर भिंतीला टेकून ऐकत राहिले. उज्ज्वला दोन वर्षांपूर्वी निंबाला सोडून गेली ती इथेच होती, सुरतेत! इच्छापोरला एका कारखान्यात पॅकिंगचं काम. मागच्या मार्चमध्ये कावीळ झाली, सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. शेजारच्या बायकांनी हर्षदाला पोलिसांकडे दिलं, तिथून बालगृहात. सात वर्षांची पोर दहा महिने बालगृहात आहे, आणि मी इकडे पाढे शिकवतेय.

नंदुरबारच्या मामाला विचारलं होतं म्हणे. त्याने नाही म्हणून सही दिली. "आधी आम्ही आईकडच्यांनाच विचारायचो. आता नव्या साहेबांनी सांगितलंय, बापाकडचं कोणी आहे का तेही बघा." बापाचा पत्ता पोरीला सांगता आला नव्हता; कोणी मिळालं नाही तर दत्तक देण्याची तयारी सुरू होणार होती.

माझा पत्ता कोणी दिला? हर्षदानेच. "मारी फोई मराठी स्कूलमां भणावे छे." आत्या मराठी शाळेत शिकवते, एवढ्यावरून या बाईंनी पाच शाळांना फोन केले.

बुधवार, ८ जानेवारी

नवऱ्याला, धर्मेंद्रांना, जेवताना सगळं सांगितलं. हात धुवून आले आणि म्हणाले, "आणायची तर कायमची आणायची, सुषमा. चार महिने लाड, आणि मग निंबा उचलून घेऊन जाईल, असं नको. पोरगी काय सामान आहे?" लेकीला, ऋचाला विचारलं. दहावीचं वर्ष, एकच खोली. म्हणाली, "माझ्या पलंगावर झोपेल ना ती." बस्स, एवढंच.

शनिवार, ११ जानेवारी

भेटले. बालगृहात हर्षदाचे केस बारीक कापलेत. निंबाचंच नाक, निंबाचेच कान. मी मराठीत बोलले, तिने गुजरातीत उत्तर दिलं. अहिराणी तर पार विसरली. मी म्हटलं, फुई म्हण. ती म्हणाली, फोई.

जवळ आली नाही. अर्धा तास बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. चिक्की नेली होती, ती न खाता नीट खिशात ठेवली — कागदासकट.

रविवार, १२ जानेवारी

कडोदऱ्याला गेले, निंबाकडे. त्याला सांगणं भाग होतं, बाप आहे. भाविनीबेनही म्हणाल्या, त्याला कळवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

लूमवरून नुकताच आला होता. कानांत सुताचा कचरा तसाच. मी सांगितलं. आधी समजलंच नाही त्याला. मग खाली बसला.

"माले कोनी सांगं नहीं, आक्का. दहा महिना! माले कोनी सांगं नहीं!"

उज्ज्वलासाठी रडला. खरंच रडला. मला त्याचाही राग आला — आता कशाला? मग डोळे पुसून एकदम म्हणाला, "मनी पोर शे. मी लई येसू." घेऊन येतो म्हणे तिला! दिवाळीपासून दारू सोडली म्हणतो. खोलीत बाटली दिसली नाही. एक ताट, एक पेला, एक चटई. या खोलीत मुलगी? दिवसभर हा लूमवर — मग ती कुणाजवळ?

हे विचारलं तर चटई गुंडाळायला लागला.

बुधवार, १५ जानेवारी

वासी उत्तरायण, संक्रांतीचा दुसरा दिवस. गच्च्या भरल्यात, नुसती आरडाओरड. बालगृहातल्या पोरांना पतंग देतात का — विचारायचं राहिलं.

शनिवार, १८ जानेवारी

भाविनीबेन घर बघायला आल्या. संडास-बाथरूम, पाणी, कपाट, सगळं पाहिलं. ऋचाशी वेगळं बोलल्या. धर्मेंद्रांचं पगारपत्रक घेतलं. चहा घेतला नाही.

शेवटी वही उघडून विचारलं, "निंबाभाई बायकोला मारायचे?"

मी म्हटलं, "नवरा-बायकोत होतं तेवढंच."

त्यांनी लिहून घेतलं. धर्मेंद्र माझ्याकडे बघत होते. मी खिडकीकडे.

सोमवार, २० जानेवारी

इथे तरी खोटं लिहू नये.

दोन वर्षांपूर्वी, गौरी बसल्या होत्या त्या दिवशी सकाळी उज्ज्वला माझ्या दारात आली होती. ओठ सुजलेला. डाव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली. हर्षदाचा हात धरलेला. म्हणाली, "आक्का, मला चार दिवस राहू द्या. पुढचं मी बघते." घरात पाहुणे. सवाष्णी यायच्या होत्या. मी तिला स्वयंपाकघरात नेलं, खाऊ घातलं, हळद लावली, आणि म्हटलं, "आज सणाचा दिवस. लोक काय म्हणतील? तू घरी जा, मी निंबाला समजावते." रिक्षा मीच करून दिली.

निंबाला समजावलंही. फोनवर. पाच मिनिटं.

तीन दिवसांनी ती घरातून निघून गेली. आम्ही सगळे म्हणालो — कशी बाई आहे, नवऱ्याला टाकून गेली! मीही म्हणाले.

शुक्रवार, २४ जानेवारी

शाळा सुटल्यावर हर्षदाला भेटायला गेले. आज जरा जवळ बसली. माझ्या बांगड्या मोजल्या. तेवढ्यात बाहेर वॉचमन कुणा टेम्पोवाल्यावर ओरडला. फार काही नाही, गाडी मागे घे म्हणून. मी वळून पाहिलं तर पोर बाकावर नाही! लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन उभी. श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

तिथल्या मावशी म्हणाल्या, "असंच करते. पुरुषाचा आवाज चढला की."

वीस मिनिटांनी बाहेर आली. मी तिला ओढलं नाही. जमिनीवर बसून राहिले.

नवरा-बायकोत होतं तेवढंच!!

सोमवार, २७ जानेवारी

बालकल्याण समितीला पत्र लिहिलं, पोरगी कुणाला द्यायची ते तीच ठरवणार. दोन पानं. निंबा मारायचा, किती, कधीपासून — मला माहीत होतं ते सगळं. आणि गौरीच्या दिवसाचंही. धर्मेंद्र म्हणाले, "तुझं लिहिलंस तर पोरगी तुलाही देणार नाहीत." मी म्हटलं, माहीत आहे. ते म्हणाले, "मग लिही."

देण्याआधी कडोदऱ्याला जाऊन निंबाला वाचून दाखवलं. पाठीमागून नको वाटलं.

शेवटपर्यंत ऐकलं त्याने. मग उठून दार उघडलं. "तू मनी बहीन शे का कोन शे?"

मी म्हटलं, "मी हर्षदाची फुई पण आहे."

"जाय आते."

आईच्या माघारी मी वाढवलंय याला. शाळेत जाताना बोट मी धरायचे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

समितीपुढे तारीख. निंबा आला नाही. त्याच्या नावाचा तीनदा पुकारा झाला.

समितीच्या मोठ्या बाईंनी पत्र पुढ्यात ठेवलं. "तुम्ही आधी आमच्या बेनला खोटं सांगितलंत. त्याच्याआधी हिच्या आईला परत पाठवलंत. मग मुलगी तुम्हाला का द्यायची?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.  मी तसंच सांगितलं.

तेव्हा धर्मेंद्र उठले. "त्या दिवशी मीही घरी होतो. पुढच्या खोलीत पाहुण्यांशी बोलत बसलो. हिने एकटीने नाही पाठवलं तिला." बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस चार लोकांपुढे इतकं बोललेला मी पाहिला नव्हता.

हर्षदाला आत नेऊन विचारलं. काय विचारलं, कळलं नाही. बाहेर आली तेव्हा भाविनीबेनचं बोट धरलेलं होतं.

तीन महिने आमच्याकडे. मग पुन्हा बघणार. बापाला महिन्यातून एकदा, ऑफिसातच, भाविनीबेनच्या समोर भेटू देणार. मी म्हटलं, तो येणार नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. त्याच्या वतीने तुम्ही नका ठरवू."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आली. एक पिशवी, दोन फ्रॉक, एक कंगवा. जेवल्यावर स्वतःचं ताट घासून ठेवलं. ऋचाने हातातून घेतलं तर घाबरली, काही चुकलं की काय म्हणून.

सोमवार, २४ फेब्रुवारी

माझ्या शाळेत पहिलीत बसवलंय. 'ळ' लिहिता येतो! मला बोलवायला आली, पाटी दाखवायला.

धर्मेंद्र घरात आता दबक्या आवाजात बोलतात. टीव्हीचा आवाजही कमी. क्रिकेट मुक्याने बघतात.

शनिवार, ८ मार्च

पहिली भेट. अकराची वेळ होती. निंबा आला नाही. फोन बंद. एक वाजेपर्यंत बसलो.

मला सुटल्यासारखं वाटलं — खरं तेच लिहिते. पण हर्षदाने सकाळी स्वतःहून पिवळा फ्रॉक घातला होता. घरी येऊन गुपचूप बदलला. भात अर्धा टाकला.

रविवार, १६ मार्च

कडोदऱ्याला गेले. खोलीला कुलूप. शेजारचा ओडिया कारागीर म्हणाला, ड्युटीवर आहे, दारू-बिरू नाही, कोणाशी बोलतही नाही. दाराच्या फटीतून चिठ्ठी टाकली: ५ एप्रिल, अकरा वाजता. ती वाट बघत होती.

शनिवार, ५ एप्रिल

निंबा आला. टेबलाच्या पलीकडे बसला, हात मांडीखाली दाबून. हर्षदा माझ्या मागे. त्याने तिला हाकही मारली नाही. खाली बघत, हळू आवाजात म्हणाला, "तुनी मायले मी मारे. तिनी काहीच चुकी नव्हती." भाविनीबेनने ते तिला गुजरातीत सांगितलं. हर्षदा म्हणाली, "मने खबर छे." तिला माहीत होतं. निघताना दारापाशी ती वळली, पुढच्या महिन्यात येणार का विचारलं. "आवता महिने आवशो?" त्याने मान डोलावली.

घरी येताना रिक्षात मीही सांगितलं — तुझ्या आईला त्या दिवशी मी परत पाठवलं.

ती सरकून सीटच्या दुसऱ्या टोकाला बसली. माझ्याशी अजून बोललेली नाही.