न दबणारा चिमटा

रविवार, ९ ऑक्टोबर २०११

मनगटं अजून ठणकतायत. अक्षर वाकडं येतंय.

दत्तप्रसादने काल माझी सायकल सर्व्हिसिंगहून आणली. आज वेताळ टेकडीवर नेली तेव्हा कळलं — पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा सस्पेन्शनचा चिमटा काढून साधा बसवलाय! लोखंडी, कडक. जराही दबत नाही. प्रत्येक दगड मनगटातून थेट दातांत. नेहमीच्या वेगात एका घळीत घातली आणि मी हँडलवरून पुढे. कोपर सोलवटलं.

"हलकी होते गं सायकल. खरे रायडर असंच चालवतात," दत्तप्रसाद म्हणे.

नवरा माझा, सायकलही माझी. मग मला विचारायचं कुणी?

मंगळवार, ११

सासूबाईंचा फोन. "पडलीस म्हणे! आता पुरे ना ते सायकल-बियकल." त्यांना सांगितलं कुणी? मी नाही.

शुक्रवार, १४

माझा चिमटा सापडला. सृष्टीच्या सायकलवर!

खराडीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर बसते ती. रविवारी आमच्याबरोबर येते. पार्किंगमध्ये निळा चिमटा बघितला, त्यावरचा माझाच ओरखडा बघितला. म्हणाली, "दत्तप्रसादने दिला. थँक्स हं!" मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी विचारलं. "तिला हवा होता. तू तशीही कुठे फार चालवतेस?"

दर रविवारी चालवते! त्याच्याच बरोबर!

जेवले नाही.

रविवार, १६

एकटीच गेले टेकडीवर. तो झोपला होता. उठवलं नाही.

आधी सगळा उतार पायी बघून आले. मग बसले. बसले कसली, उभीच राहिले पेडलवर — कोपरं सैल, वेग कमी, दगड टाळत. एकदा चाक घसरलं. पाय टेकला, परत निघाले. खाली पोचले. पडले नाही! जोरात ओरडलेच.

फिरायला आलेले एक आजोबा थांबले. "टेकडी विकत घेतली का?"

कितीतरी दिवसांनी हसले.

सोमवार, १७

सृष्टीला कँटीनमागे गाठलं. सरळ विचारलं, तुमचं दोघांचं काय चाललंय?

पांढरीफटक पडली. "वेडी आहेस का! तो म्हणाला, तू सायकल सोडतेयस. बाळाचा विचार चाललाय तुमचा."

"आणि चिमटा?" मी विचारलं.

"म्हणाला, साधा चिमटा लावलाय, दोनदा आपटली की आपणहून सोडेल. मला वाटलं चेष्टा करतोय. उत्कर्षा, मला खरंच वाटलं तुला माहितीय."

लफडं असतं तर परवडलं असतं. निदान मी आपटावं असं तरी त्याला वाटलं नसतं.

मंगळवार, १८

आईकडे आले, स्वारगेटला. सायकलवरूनच.

त्याला अजून काही बोलले नाही. आईलाही नाही.

मूल मलाही हवं होतं. दिवाळीत मीच विषय काढणार होते.