पाणी कुणाच्या नावानं

भिसेगाव, कर्जत
११ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

१. काल कमळूआजोबांचा म्हाळ होता. दरवर्षीप्रमाणे मी आप्पांना घेऊन कशेळ्याला काकांच्या घरी गेले.
२. भटजींनी आप्पांच्या बोटात दर्भ घातला आणि वडिलांचं नाव घ्यायला सांगितलं. आप्पा म्हणाले, कमळू.
३. आपला चुलतभाऊ वाल्मिक सगळ्यांसमोर म्हणाला, की तुमचा बा गोरा डायवर हाय असं तुमच्या पोरीनंच छापलंय, मग आमच्या आज्याला पाणी तुमी का म्हणून सोडायचं.
४. आप्पांनी दर्भ काढून पाटावर ठेवला आणि न जेवता उठले.
५. आम्ही जीपने परत आलो. ते वाटेत बोलले नाहीत. आजही नाहीत.

फोन केला नाही, कारण घर लहान आहे आणि आप्पांना सगळं ऐकू येतं. म्हणून मेलने पत्र.

तुझ्या पुस्तकात तू आप्पांचं नाव बदललंस, मान्य. पण जूनमध्ये त्या मराठी साप्ताहिकाला मुलाखत देताना भिसेगाव तसंच ठेवलंस, रेल्वेतला फिटर तसाच, घारे डोळेही तसेच. तुम्हा इतिहासवाल्यांना वाटतं, नाव बदललं की माणूस झाकला. भिसेगावात असा फिटर एकच आहे. मकसूदभाईंच्या दुकानात कुणीतरी आप्पांना साहेब म्हणून हाक मारली. मकसूदभाईंनी त्याला तिथेच झापलं, पण तेव्हापासून दूध मी आणते.

आज वाल्मिकचा निरोप आला. पुस्तकातला तो फिटर म्हणजे आमचे वडील नव्हेत, असं तू त्याच साप्ताहिकात लिहून दे, म्हणजे सर्वपित्रीला तो आप्पांना पुन्हा पाटावर बसवेल. आप्पांचं हृदय किती थकलंय ते तुला रिपोर्टवरून माहीत आहे. पुढच्या पितृपक्षाबद्दल डॉक्टर काही बोलत नाहीत.

कुंभिवलीच्या कारखान्यात मी दाबमापकं तपासते. खोटा आकडा कधी लिहिला नाही. तुला मात्र लिहायला सांगते आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे.
सुप्रिया


एडिंबरा
१३ सप्टेंबर

चि. सुप्रियास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वर्गावर गेले आणि मुलांना परत पाठवलं. शिकवता येईना.

तू मागतेस ते मला जमणार नाही. इंग्रजांच्या काळातले रेल्वेचे गोरे ड्रायव्हर आणि त्यांच्या बंगल्यांवर राबणाऱ्या आपल्याकडच्या बायका, यांच्या मुलांवर मी इतकी वर्षं काम केलं. ती मुलं रेल्वेच्या कागदात नाहीत, चर्चच्या नाहीत, गावच्या तर नाहीतच. स्वतःहून बोलले ते पहिले आप्पा. चंद्राआजी बंगल्यावरून पोटुशी परत आली आणि कमळूआजोबांनी तिला तशीच घरात आणली, हे त्यांनी माझ्या रेकॉर्डरपुढे सांगितलं. वर म्हणाले, लिव बाय, मी मेल्यावर कोन सांगंल. तू दाराआडून ऐकत होतीस आणि हातातला चहा सांडलास. इंजिनिअरबाई, तुमची तेवढीच एक चूक माझ्या टेपवर आहे.

आज मी त्यांना खोटं पाडलं, तर माझ्यावर विश्वासून बोललेली बाकीची माणसंही खोटी पडतील. माझी नोकरी पक्की व्हायची आहे, तेही एक कारण आहे, लपवत नाही. भिसेगाव मात्र मी झाकायला हवं होतं. कर्जतमध्ये कोण वाचतंय, असं वाटलं होतं. गाव सोडलेल्या माणसालाच असं वाटू शकतं.

रागावलीस तरी हे पत्र आप्पांना वाचून दाखव. आणि जेवत जा.

माझी माया तुझ्यापाशी नेहमीची.
ऋतिका


भिसेगाव, कर्जत
१६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. गाळलं काही नाही.

ऐकून झाल्यावर आप्पा बोलले. म्हणाले, तिला खोटं लिवायला लावू नको गं, ते मीच बोललोय. वाल्मिक्याचा पाट आपल्याला नको. नदीवर जाऊ, पाणी काय त्याच्या बापाचं हाय.

मला वाटलं, मिटलं. मी कुकर लावायला उठले, तर त्यांनी हात धरून बसवलं. कमळूआजोबा त्यांना खांद्यावर घेऊन पेज नदी ओलांडायचे आणि शाळेत सोडायचे. कपडे भिजले म्हणून त्या माणसाने कधी कुरकुर केली नाही, असं सांगत होते. मग त्यांनी विचारलं, की रक्ताचा नाय त्यानं सोडलेलं पाणी पोचतं का. नसंल पोचत, तर एवढी वर्षं मी उगाच पाण्यात हात घातला, आणि तो तिकडं तसाच तहानलेला.

भटजींना विचारू म्हटलं, तर नको म्हणाले. ऋतिकाला विचार, तिनं माझ्यासारखी लई बघितल्यात, तिला ठावं असंल.

पोचतं, असं मीच म्हणू शकले असते. पण मी समजूत घालू लागले की त्यांना लगेच कळतं, आणि मग ते माझीच समजूत घालतात. रात्री ते रडले. मीही रडले, वेगळ्या खोलीत.

साप्ताहिकाची मागणी मी सोडून देते. वाल्मिकला तसं कळवलं आहे. तुझ्यावरचा राग अजून आहे, पण त्याचं नंतर बघू.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतः लिही. संदर्भ नकोत, लांबण नको. पोचतं की नाही, एवढंच. रविवारी सर्वपित्री आहे, सकाळी आम्ही नदीवर निघू. तुझं उत्तर शनिवारी, २० तारखेला, संध्याकाळपर्यंत मिळावं.

सुप्रिया