दोघीच केनियाला

सांता क्लारा, गुरुवार, १२ जून १९८६

संध्याकाळी अनिलचा ऑफिसमधून फोन. प्रोजेक्ट लांबलंय, त्याची सुट्टी कॅन्सल. आणि सोमवारी आम्ही केनियाला निघणार होतो! दोन वर्षं तिघं मिळून पक्ष्यांची पुस्तकं चाळतोय. शेजारी उभी असलेली आमची बारा वर्षांची मीरा म्हणाली, “आई, वी कॅन गो. जस्ट अस.” आणि मी फोनवर म्हणूनच टाकलं, “आम्ही दोघी जातो.”

इतक्या पटकन? त्याला लागलं असेल का? मी एकटीने कधी सॅन फ्रान्सिस्कोसुद्धा गाठलेलं नाही. पटकन म्हणाले खरी, पण आता छाती धडधडतेय, आणि ती भीतीने नाही!

घरी आल्यावर अनिलने स्वतःची दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली. म्हणाला, “फ्लेमिंगोंचा थवा उडाला, की मला विसरलीस तरी चालेल.”

विसरणारच आहे.