चौथ्यातच होतीस तू

आई, तुझी लाल गाडी मी विकली नाही. काका भंगारात घाल म्हणत होते. मी ती टोचन करून शेवगावहून सुप्याच्या एका गॅरेजात नेली, कारण ती का बोंबलायची हे मला एकदा जाणून घ्यायचंच होतं.

दादांनी ती हौसेनं घेतली तेव्हा तालुक्यात तिच्यासारखी पळणारी दुसरी गाडी नव्हती. मग मागची चाकं फिरवणारा डिफरन्शियल तुटला. त्यांनी तो दुरुस्त करून आणला, पाठोपाठ स्वतःला जीप घेतली आणि ही बायकोला, म्हणजे तुला दिली. त्यानंतरचा तो दिवस. आपण घोडेगावला आजोळी निघालोय, मी मागे, काका तुझ्याशेजारी. काटा ऐंशीवर आहे, इंजिन किंचाळतंय आणि एस.टी.सुद्धा आपल्याला मागे टाकून जाते. काका म्हणतात, "वहिनी, चौथा गिअर टाका की." रस्त्यावरची नजर न काढता तू म्हणतेस, "चौथ्यातच हाय." काका हसतात. घरी आल्यावर दादा पाहुण्यांदेखत म्हणाले, बाईच्या हाती गाडी दिली की तिची अशी वाट लागते. तू चहाचे कप गोळा केलेस, किल्ली खिळ्याला अडकवलीस आणि परत कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीस. तो किस्सा काका अजून प्रत्येक लग्नात सांगतात.

गॅरेजवाला माझ्याच वयाचा. तो म्हणाला, आधी मागचा रेशो बघू, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फिरतो ते. मागचं एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं उचललं, इंजिनाकडून मागं येणाऱ्या शाफ्टवर खडूनं खूण केली. तो उचललेलं चाक सावकाश दोन फेरे फिरवत होता (दुसरं अडलेलं, म्हणून दोन फेऱ्यांचा एक धरायचा) आणि मी गाडीखाली झोपून शाफ्टचे फेरे मोजत होते. या गाडीला चारच्या आत भरायला हवे होते. पाच ओलांडले. त्याचा विश्वास बसेना, म्हणून झाकण खोलून आतल्या क्राऊन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांचे दात मोजले, एकाला दुसऱ्यानं भागलं. उत्तर तेच.

"ताई, हे मालाच्या टेम्पोचं हाय," तो म्हणाला. "वझं वढायचं. चौथ्यात बी इंजिन बोंबलनारच, काटा शाफ्टवरनं चालतो, त्यो बी खोटंच दावनार. चालवनाऱ्यानं काय करायचं?"

दादांना हे ठाऊक होतं, का दुरुस्ती करणाऱ्यानं त्यांनाही फसवलं, हे दादा गेल्यावर आता कळायचं नाही. पण त्यांनी गाडीखाली एकदाही वाकून पाहिलं नाही. बोट तुझ्याकडे दाखवलं.

योग्य क्राऊन-पिनियन बसवून घेतलं आणि सुप्याहून शेवगावपर्यंत मीच चालवत आले, थेट काकांच्या दारात. घरात पाहुणे होते. बरंच झालं. सगळ्यांसमोर मी काय निघालं ते सांगितलं. काका म्हणाले, "जाऊ दे की आता. मेलेल्या मान्साचं कशाला उकरती?"

"आई पण मेलीच आहे, काका. तिचं तुम्ही प्रत्येक लग्नात उकरता."

काकू तेवढी पदराआड हसली. चहाला न थांबता मी निघाले.

हे पुढचं तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच सांगते. बाहेर येऊन गाडीत बसले तेव्हा क्लच दोनदा सुटला आणि गाडी काकांच्या दारातच बंद पडली. काच वर करून बराच वेळ तशीच बसले.