हातातल्या मधमाश्या

स्तामेंका,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. शेजारच्या रादोयेच्या गाडीतून हॉस्पिटलात जातोय. आज डायलिसिसचा वार नाही, ते ठाऊक आहे मला.

पहाटे स्वप्न पडलं. आपल्या सगळ्या मधमाश्या धुक्यातून नदीपलीकडे निघाल्या होत्या, जराही आवाज न करता, आणि मी काठावरून त्यांना हात करत होतो. जाग आल्यावर सवयीने डावा हात कानाशी नेला. डायलिसिसच्या सुयांसाठी शिरा जोडून केलेला फिस्टुला गुणगुणत नव्हता. "माझ्यापेक्षा तुझा हातच जास्त बोलतो," म्हणायचीस ना? आज गप्प आहे बघ.

डॉक्टरीणबाई शीर मोकळी करतील. नाहीच झाली, तर मानेत नळी घालून भागवतील. रक्तातला सुजेचा आकडा वाढलाय असं त्या परवा म्हणाल्याच होत्या, त्यात रात्री ताप. तू तरी काय करणार? तुझ्या आईनेही तापावर राकियाच्या दारूत भिजवलेल्या पट्ट्याच बांधल्या असत्या. त्या हाताला घड्याळसुद्धा बांधायचं नाही, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

डाव्या हातावरच्या तुझ्या पट्टीची घट्ट गाठ दातांनी सोडवली. पट्टी धुऊन वाळत घातलीय. पायांवरच्याही काढल्या, नाहीतर हॉस्पिटलभर दारूचा घमघमाट सुटला असता. रडत बसू नकोस, कोंबड्या सोड.

डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे, रात्रभर हात अंगाखाली राहिला. तुला विचारलं, तर तूही झोपेतच होतीस.

मिलिसाव