अंडरस्कोअरवाली मेथड

३ जून, सोमवार
साहेबांनी ताईच्या दातांच्या दवाखान्याची बुकिंग साइट माझ्यावर सोपवली. महिनाभर तक्रार आली नाही तर मला कायम करणार. ताईनेच शब्द टाकला होता. माझं नाक कापू नकोस म्हणाली. कॉलेज अर्धवट सोडलेल्यांना लोक असंच बोलतात. निश्चय: सगळं नियमाने.

५ जून
एकच वेळ दोघांना जाऊ नये, हे किचकट काम. डॉक्युमेंटेशनमधली रीत फार लांबलचक. साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी आहे, त्या फ्रेमवर्कच्या पोटात शिरून बघितलं. 'होल्ड' नावाची मेथड, म्हणजे आयता कोडचा तुकडा, सापडली. नावाआधी अंडरस्कोअर, ती खालची आडवी रेघ. एका ओळीत वेळ अडवते. डॉक्युमेंटेशनमध्ये तिचा पत्ता नाही. लोक वरवर वाचतात, त्याला मी काय करणार.

दुपारी
शेजारच्या टेबलावरच्या सीनियरना दाखवली. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते म्हणाले, अंडरस्कोअर म्हणजे दुसऱ्याच्या घराचं मागचं दार. आज उघडं दिसलं म्हणून रोज तिथून ये-जा करू नकोस, कुलूप लावताना ते तुला विचारायला येणार नाहीत. मास्तर कामाला चोख. पण भित्रे.

७ जून
तरी खबरदारी घेतली. 'होल्ड' बिघडलीच तर एरर गुपचूप गिळायची सोय केली. पेशंटला उगाच घाबरवायला नको. वर कॉमेंट लिहिली: 'तात्पुरते. नंतर बदलणे.' तीनदा वाचली, ऱ्हस्व-दीर्घ चोख. नंतर म्हणजे सोमवारी.

१० जून, सोमवार
साइट सुरू झाली. ताई खूश. चालत्या गोष्टीला हात लावणं बेजबाबदारपणाचं. पुढच्या सोमवारी नक्की.

१७ जून, सोमवार
मान आखडली.

२५ जून
फ्रेमवर्कचं नवं व्हर्जन आलं. मी शिस्तीचा माणूस, लगेच चढवलं. बदलांची यादी अथपासून इतिपर्यंत वाचली. 'होल्ड'चा उल्लेख नाही. म्हणजे ती सुखरूप.

२६ जून
बुकिंगचा नुसता पाऊस. एकही एरर नाही. साहेबांना मुद्दाम जाऊन सांगितलं.

२७ जून, सकाळी
ताईचा फोन. सगळ्यांना दहाचीच वेळ मिळालीय. बाकं भरली, जिना भरला, एक आजोबा कवळी हातात धरून पायरीवर बसलेत. मी म्हणालो, प्रतिसाद चांगला दिसतोय. तिने फोन आपटला.

दुपारी
नव्या व्हर्जनमधून 'होल्ड' नाहीशी झालीय. माझी सोय एरर गिळत बसली होती. म्हणजे माझा भाग व्यवस्थित चालला. फ्रेमवर्कवाल्यांना कडक शब्दांत तक्रार पाठवली.

२८ जून
उत्तर आलं. ती मेथड त्यांच्या आतल्या कामापुरती होती, बाहेर कोणी वापरत असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मी एकटाच की आणखी कोणी, असं विचारलंय. मास्तर म्हणाले, कळव, एकटाच.

१ जुलै, सोमवार
कायम करणं पुढे ढकललं. मास्तर साइट दुरुस्त करेपर्यंत बुकिंगचे फोन मी घ्यायचे, दवाखान्यात बसून. साहेबांचा हुकूम, ताईची सूचना.
पण एक विजय झाला. फ्रेमवर्कवाल्यांनी डॉक्युमेंटेशनमध्ये नवी ओळ घातलीय: अंडरस्कोअरने सुरू होणारी मेथड वापरू नये. माझ्यामुळे. ताईला वाचून दाखवली. तिने मास्क खाली केला आणि विचारलं, बाहेर दोन काकू भांडतायत, साडेअकराची वेळ दोघींना कोणी दिली.